गुरूचे वस्तुमान घरच्या कॅमेऱ्याने: चार चंद्र, एक ट्रायपॉड आणि केप्लरचा तिसरा नियम

पुनर्वसू (मूळ धागा)

ग्रहाचे वस्तुमान काढायचे तर त्याच्याभोवती काहीतरी फिरत असावे लागते. बुध आणि शुक्राला चंद्र नाहीत, त्यामुळे त्यांची वस्तुमाने नेमकी कळायला मरिनर यानांची वाट पाहावी लागली. गुरूच्या बाबतीत निसर्गाने चार ठळक चंद्र दिले आहेत, आणि ते ३०० मिमीच्या साध्या लेन्समध्येही टिपता येतात. गॅलिलिओला ७ जानेवारी १६१० रोजी त्यांतले तीन ठिपके दिसले, १३ तारखेला चौथा. आज आपल्या हातात त्याच्या दुर्बिणीपेक्षा मोजणीसाठी कितीतरी चांगले साधन आहे, ते म्हणजे समान अंतरावर पिक्सेल मांडलेला सेन्सर.

खालचे सगळे आकडे १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीचे (पृथ्वीवरून पाहता गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो ती वेळ) आहेत. त्या वेळी गुरू मिथुन राशीत, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) सुमारे +२२ अंश, पृथ्वीपासूनचे अंतर ४.२३ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर). पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हा अंतर आणि क्रांती बदलून घ्या, पद्धत तीच.

साहित्य: ३.९ मायक्रॉन पिक्सेलचा २४ मेगापिक्सेल कॅमेरा, ३०० मिमी लेन्स, पक्का ट्रायपॉड, इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारे साधन). एका पिक्सेलमध्ये किती विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) मावतात ते असे काढा: २०६.२६५ गुणिले पिक्सेल (मायक्रॉन) भागिले फोकल लांबी (मिमी). इथे उत्तर २.६८ विकला. या मापाने चंद्र गुरूपासून जास्तीत जास्त इतके दूर दिसतील:

आयो १३७ विकला, ५१ पिक्सेल
युरोपा २१९ विकला, ८२ पिक्सेल
गॅनिमीड ३४९ विकला, १३० पिक्सेल
कॅलिस्टो ६१४ विकला, २२९ पिक्सेल

एक्सपोजर: एफ ५.६, आयएसओ १६००, पाव सेकंद. चंद्रांची प्रत (तेजाचे माप, आकडा लहान तितके तेज जास्त) ४.६ ते ५.६ च्या आसपास असते, त्यामुळे एवढ्यात ते स्वच्छ येतात. ट्रायपॉड स्थिर असल्याने पाव सेकंदात आकाश साडेतीन विकला सरकते, म्हणजे जेमतेम सव्वा पिक्सेल. एक सेकंदाचे एक्सपोजर दिले तर ठिपक्याची रेघ होते आणि तिचे मध्य काढताना चूक वाढते. फोकस स्वयंचलित ठेवू नका. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून कॅलिस्टोचा ठिपका सर्वांत लहान होईल तिथे थांबा, आणि फोकस रिंगवर टेप लावा.

दर रात्री दहा फोटो, २० ते २५ रात्री. कॅलिस्टोची फेरी १६.६९ दिवसांची आहे. किमान दीड फेरी पदरात पडली पाहिजे. प्रत्येक फोटोत गुरूच्या मध्यापासून प्रत्येक चंद्राचे अंतर मोजायचे, पूर्वेला अधिक, पश्चिमेला उणे. वेळेसमोर अंतर मांडले की ज्या-वक्र (साइनची वरखाली होणारी लाट) मिळतो. वक्राची उंची म्हणजे कक्षेची त्रिज्या, वक्राची पुनरावृत्ती म्हणजे आवर्तकाल.

शेवटची पायरी: त्रिज्या खगोलीय एककांत (विकला गुणिले ४.२३ भागिले २,०६,२६५), काळ वर्षांत. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने त्रिज्येचा घन भागिले काळाचा वर्ग, की गुरूचे वस्तुमान सूर्याच्या पटीत येते. कॅलिस्टोसाठी त्रिज्या ०.०१२५८६ आणि काळ ०.०४५६९. उत्तर ०.०००९५५, म्हणजे सूर्याच्या १,०४७ व्या भागाइतके.

तिपाई

उत्तम धागा. पट्टीबद्दल, म्हणजे एका पिक्सेलला किती विकला याबद्दल, थोडं. लेन्सवर ३०० लिहिलेलं असलं तरी ती नेमकी ३०० मिमी नसते, झूम असेल तर नाहीच. दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि त्रिज्येचा घन करायचा असल्याने वस्तुमानात तोच सहा टक्के होतो. म्हणून विकला प्रति पिक्सेल हा आकडा सूत्रातून घेऊ नका, आकाशातून घ्या.

रीत सोपी. गुरू चौकटीच्या पूर्वेकडच्या कडेला ठेवा, ट्रायपॉडला हात न लावता पहिला फोटो काढा, बरोबर ३०० सेकंदांनी दुसरा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे गुरू सेकंदाला १५.०४ विकला गुणिले क्रांतीचा कोज्या (कोसाइन), इतका सरकतो. +२२ अंशांना ३०० सेकंदांत ४,१८४ विकला, वरच्या कॅमेऱ्यात सुमारे १,५६० पिक्सेल. मोजलेल्या पिक्सेलने ४,१८४ ला भागलं की खरी पट्टी हातात.

साठ सेकंदांत भागवू नका. कॅमेऱ्याच्या घड्याळात एका सेकंदाची चूक धरली तर साठात ती १.७ टक्के होते, तीनशेत ०.३३.

याच दोन फोटोंतून दुसरी गोष्टही मिळते. गुरू ज्या बाजूला सरकला ती पश्चिम. हे दर रात्री करायचंच, कारण पुढची अडचण मिथुनेतल्या गुरूची खास आहे.

सह्यकडा

अडचण म्हणजे तो डोक्यावरून जातो ती?

तिपाई

होय. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, गुरूची क्रांती २२. म्हणजे मध्यरात्री तो खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) साडेतीन अंशांवर, तेही उत्तरेकडून जातो. पूर्वेला असताना फोटोतली वरची बाजू पश्चिमेकडे असते, मावळतीकडे कललेला असताना वरची बाजू पूर्वेकडे. संध्याकाळी आठचा आणि पहाटे तीनचा फोटो शेजारी ठेवला तर चंद्रांची ओळ जवळजवळ उलटी झालेली दिसते. चिन्ह चुकलं की वक्र विस्कटतो, आणि दोष मोजणीचा आहे असं वाटत राहतं.

शिवाय बहुतेक बॉलहेड (ट्रायपॉडवरचा गोळ्याचा सांधा) सरळ वर बघू शकत नाहीत. खाचेत पाडून नव्वद अंश केले तर वजनाने लेन्स हळूहळू खाली येते. तीनशे सेकंदांची पट्टी अशा वेळी खोटी पडते. गुरू ४० ते ६५ अंश उंचीवर असताना कामं उरका.

दुर्बिणीला मोबाइल लावून करणाऱ्यांसाठी: नव्वद अंशी आरसा असेल तर प्रतिमा डावी-उजवी उलटते. सरकण्यावरून पश्चिम ठरवलीत तर तेही आपोआप सांभाळलं जातं.

विकला

काही प्रश्न.
१) ज्या-वक्र बसवण्याचा खटाटोप कशाला? २५ रात्रींत चंद्र सर्वांत दूर जिथे दिसला ते अंतर म्हणजेच त्रिज्या, असं का नको?
२) कक्षा लंबवर्तुळाकार असतात, मग ज्या-वक्र बरोबर कसा?
३) कुठला ठिपका कुठला चंद्र हे स्टेलेरियममध्ये (आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) न बघता कसं कळणार?

पुनर्वसू

१) सर्वांत दूर दिसलेले अंतर हे खऱ्या त्रिज्येपेक्षा नेहमी कमीच भरते, जास्त कधीच नाही. दिवसातून एकदा फोटो काढला तर कॅलिस्टो टोकाला पोचण्याचा क्षण जास्तीत जास्त बारा तासांनी हुकतो. बारा तासांत तो १०.८ अंश फिरतो, आणि १०.८ अंशांचा कोज्या ०.९८२. म्हणजे अंतर १.८ टक्के कमी, वस्तुमान पाच टक्क्यांहून अधिक कमी. वक्र सगळ्या बिंदूंचा उपयोग करून घेतो आणि ही एकतर्फी चूक टाळतो.

२) विमध्यता, म्हणजे कक्षा वर्तुळापेक्षा किती लांबट आहे त्याचे माप, फार लहान आहे. आयो ०.००४, युरोपा ०.००९, गॅनिमीड ०.००१, कॅलिस्टो ०.००७. आपल्या मोजणीतली चूक याहून मोठी असते. शिवाय कक्षांची पातळी आपल्या दृष्टिरेषेपासून फार तर तीनेक अंश कललेली असते, त्यामुळे वर्तुळ कडेने पाहिल्यासारखे दिसते. कडेने पाहिलेले वर्तुळ म्हणजेच ज्या-वक्र.

३) १३० पिक्सेलच्या पलीकडचा ठिपका फक्त कॅलिस्टोच असू शकतो. तो सुमारे ६० टक्के वेळ तिथेच असतो, म्हणून त्याचा वक्र आधी बसवा. वक्र बसला की उरलेल्या रात्रींचा कॅलिस्टो कुठे असेल ते कळते, तो ठिपका बाजूला काढा. मग ८२ च्या पलीकडचा तो गॅनिमीड, शिवाय तो चौघांत सर्वांत तेजस्वी. याच क्रमाने आत या.

लंबवर्तुळ

आत येताना आयोपाशी एक सापळा आहे. हा प्रयोग फसतो तो बहुधा इथेच, म्हणून सविस्तर लिहितो.

आयोची फेरी १.७६९ दिवसांची. रोज रात्री नऊला एकच फोटो काढला तर एका दिवसात तो ०.५६५ फेरी पुढे गेलेला असतो. आपल्याला फक्त डावे-उजवे अंतर दिसते. चंद्र गुरूच्या अलीकडून चालला आहे की पलीकडून, हे फोटोत दिसत नाही. त्यामुळे ०.५६५ फेरी पुढे जाणे आणि ०.४३५ फेरी मागे जाणे यांत आपल्या आकड्यांच्या दृष्टीने काहीही फरक उरत नाही. ०.४३५ चा व्यस्त २.३०. म्हणजे २.३० दिवसांचा वक्र त्याच बिंदूंतून तितकाच सुरेख जातो. किती रात्री वाढवल्या तरी फोटोची वेळ तीच असेल तर फरक पडत नाही.

२.३० दिवस धरले तर गुरूचे वस्तुमान ४१ टक्के कमी येते.

उपाय दोन. पहिला, त्याच रात्री चार तासांच्या अंतराने दोन फोटो. चार तासांत आयो ३४ अंश फिरतो. गुरूच्या जवळून जात असेल तर गुरूच्या पावणेदोन व्यासांइतका सरकतो. हे सरकणे खऱ्या वक्राशी जुळते आणि खोट्याच्या विरुद्ध दिशेला पडते. अशा चार-पाच जोड्या मिळाल्या की २.३० बाद. दुसरा उपाय केप्लरचा: चारही चंद्रांसाठी घन भागिले वर्ग हा आकडा एकच यायला हवा. तिघांचा जुळतो आणि आयोचा ४१ टक्के कमी येतो, तर गुरूने नियम मोडलेला नसतो.

आता वक्र बसवण्याबद्दल. एक्सेल किंवा लिब्रेऑफिसच्या सॉल्व्हरला उंची, काळ आणि कला (वक्र कुठून सुरू होतो ते) एकदम सोडवायला दिली तर तो जवळच्या कुठल्याही खड्ड्यात अडकतो. त्याऐवजी काळ आपण ठरवायचा, बाकीचे त्याला सोडवू द्यायचे. काळ ठरला की अंतर = स्थिरांक + क गुणिले ज्या + ख गुणिले कोज्या, हे सरळ रेषीय समीकरण होते आणि लाइनएस्ट हे फंक्शन ते एका फटक्यात सोडवते. त्रिज्या म्हणजे क आणि ख यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ. मग काळ बदलत जा आणि उरलेली चूक कुठे सर्वांत कमी होते ते पाहा.

काळ बदलताना समान पावले दिवसांत टाकू नका, दिवसाला किती फेऱ्या यात टाका. २५ दिवसांच्या नोंदींसाठी ०.००४ फेऱ्यांचे पाऊल पुरते. दिवसांत ०.१ चे पाऊल टाकले तर कॅलिस्टोला ते उगाच बारीक होते आणि आयोचा खरा काळ दोन पावलांच्या मधून निसटतो.

तो स्थिरांक शून्य धरू नका. पाव सेकंदात गुरू पूर्ण जळालेला पांढरा डाग असतो आणि त्याचा मध्य पिक्सेल-दोन पिक्सेल हुकतो. ही चूक दर रात्री एकाच बाजूची असेल तर स्थिरांक ती शोषून घेतो.

विकला

रोज नऊ वाजताच फोटो काढायची शिस्तच घातक ठरते, हे आधी डोक्यात आलं नसतं. वेळेची नोंद कशी ठेवायची?

लंबवर्तुळ

ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या अखंड मोजणीत. भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करा, मग दिवसाचा अपूर्णांक. १ जानेवारी २०२६, शून्य तास जागतिक वेळ म्हणजे २४६१०४१.५. त्यावरून १० जानेवारीची रात्र साडेनऊ म्हणजे २४६१०५१.१६७. मध्यरात्रीनंतरच्या फोटोंवर आदल्या दिवसाची तारीख पडून एक पूर्ण दिवस इकडचा तिकडे होतो. एकच अखंड आकडा वापरला की ही भानगड राहत नाही.

पुनर्वसू

आता दोन सूक्ष्म दुरुस्त्या. पहिली अजिबात सूक्ष्म नाही.

अंतर बदलते. प्रतियुतीला ४.२३ असलेले अंतर महिन्याभरात तीन टक्क्यांनी वाढते, कारण पृथ्वी पुढे निघून जाते. सगळ्या रात्रींना ४.२३ लावले तर उत्तरार्धातला वक्र बुटका होतो. प्रत्येक रात्रीची विकला त्या रात्रीच्या अंतराने गुणून आधी खगोलीय एककांत आणा, वक्र त्यानंतर बसवा. गुरूचे अंतर सरासरी ५.२ मधून १ वजा करूनही काढता येते, पण गुरू सूर्यापासून ४.९५ ते ५.४६ एककांच्या दरम्यान हेलकावतो. २०२६ मध्ये ५.२१ असल्याने निभावते, दर वर्षी निभावेलच असे नाही.

दुसरी: आपली दृष्टिरेषाही फिरते. प्रतियुतीच्या सुमारास गुरू वक्री असतो, दिवसाला आठ कलांच्या (एक कला म्हणजे ६० विकला) आसपास मागे सरकतो. कॅलिस्टोच्या एका फेरीत ते सव्वादोन अंश भरतात. त्यामुळे तो आपल्यासमोर त्याच जागी अडीच तास लवकर येतो. काळ ०.६ टक्के कमी, वस्तुमान १.२ टक्के जास्त. आयोला हा परिणाम दहापट कमी.

प्रकाशाला तिथून यायला ३५ मिनिटे लागतात, पण ती सगळ्याच फोटोंना लागतात. त्या मिनिटांत पडणारा फरक आपल्या मोजणीच्या खालचा आहे. ओल रोमरने मात्र १६७६ मध्ये आयोच्या ग्रहणांच्या वेळांतला नेमका हाच फरक पकडून प्रकाशाला वेग असतो हे दाखवले.

मृगशीर्ष

धाग्यात अंतर सतत बाहेरून घ्यावे लागते आहे. अंतर अजिबात न घेताही एक राशी निघते, आणि मला ती वस्तुमानापेक्षा सुंदर वाटते: गुरूची घनता.

कक्षेची त्रिज्या किलोमीटरमध्ये न मोजता गुरूच्या त्रिज्येत मोजा. दोन्ही कोन एकाच फोटोतले, त्यामुळे अंतर वर-खाली छेदून जाते. घनता = ९.४२५ भागिले (गुरुत्व स्थिरांक गुणिले काळाचा वर्ग), गुणिले त्या गुणोत्तराचा घन. आयोसाठी काळ १,५२,८४२ सेकंद, गुणोत्तर ६.०३. उत्तर घनमीटरला सुमारे १,३२७ किलो. पृथ्वीची घनता ५,५१४. म्हणजे गुरू खडकाचा नाही, हे तिथे न जाता, तो किती दूर आहे हेही न जाणता कळते. न्यूटनने प्रिन्सिपियाच्या तिसऱ्या खंडात सूर्य, गुरू, शनी आणि पृथ्वीच्या घनतांची तुलना केली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

जपायचे काय? गुरूची तबकडी. ती विषुववृत्तावर १,४२,९८४ किमी आणि ध्रुवांवर १,३३,७०८ किमी. फोटोत चंद्रांच्या ओळीच्या दिशेने मोजलात तर मोठा व्यास मिळतो, गुणोत्तर ५.९० येते आणि घनता १,२४१. दोन्ही व्यास मोजून त्यांच्या गुणोत्तराने गुणले की १,३२८. आणि ही तबकडी ३०० मिमी लेन्समधून मोजू नका. ती खरी १७ पिक्सेलची, जळून दुप्पट फुगते. सहा इंची दुर्बीण, छोटे एक्सपोजर, पट्टे दिसतील इतपत. ४६.६ विकलांत दोन विकलांची चूक झाली तरी घनतेत १३ टक्के जातात.

सह्यकडा

सूत्रात चंद्राचं वस्तुमान कुठेच येत नाही. पण दोघं एकमेकांभोवती फिरतात ना?

मृगशीर्ष

बरोबर. सूत्रातले वस्तुमान खरे तर दोघांची बेरीज असते. गुरूचे हे चारही चंद्र मिळून त्याच्या ०.०२ टक्के, म्हणून सोडून देता येते. प्लूटोच्या बाबतीत नाही. त्याचा चंद्र शेरॉन वस्तुमानाने प्लूटोच्या सुमारे १२ टक्के आहे, दोघांत १९,६०० किमी अंतर, फेरी ६.३९ दिवसांची, आणि दोघांचा समाईक मध्य प्लूटोच्या बाहेर मोकळ्या जागेत पडतो. पृथ्वी आणि चंद्राचा मध्य पृथ्वीच्या केंद्रापासून ४,६७० किमीवर, म्हणजे पोटातच. सूर्य आणि गुरूचा ७,४२,००० किमीवर, सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर.

ताऱ्यांना तर बेरीजच मिळते. व्याध आणि त्याचा श्वेतबटू सोबती ५०.१ वर्षांत एक फेरी करतात, सरासरी अंतर १९.८ एकके. १९.८ चा घन भागिले ५०.१ चा वर्ग, ३.०९ सूर्य. कोणाचे किती, हे समाईक मध्यापासून दोघांची अंतरे मोजल्यावर ठरते: मोठा सुमारे दोन, सोबती सुमारे एक.

लंबवर्तुळ

मृगशीर्ष यांना पुरवणी. फक्त एकाच दिशेतली हालचाल दिसणे ही अडचण व्यावसायिक खगोलशास्त्रातही तीच आहे. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २००४ मध्ये एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छात एक स्पंदक (नियमित रेडिओ स्पंद देणारा तारा) शोधला, १८.८ दिवसांच्या कक्षेत फिरणारा. तिथे हातात असतात फक्त स्पंदांच्या येण्याच्या वेळा, म्हणजे दृष्टिरेषेतले पुढे-मागे होणे. विमध्यता ०.८९ असल्याने ज्या-वक्र तिथे निरुपयोगी. लंबवर्तुळाचे पूर्ण समीकरणच बसवावे लागते.

आणि ज्यांना आयो, युरोपा, गॅनिमीड तिघांचे काळ मिळाले असतील त्यांनी एक गणित जरूर करून पाहावे. दिवसाला किती अंश, तेवढे काढा: २०३.४८९, १०१.३७५, ५०.३१८. पहिला, वजा दुसऱ्याची तिप्पट, अधिक तिसऱ्याची दुप्पट. शून्य येते. याला लाप्लासचा अनुनाद म्हणतात. यामुळे हे तिघे एका बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. याच बांधणीमुळे आयोची विमध्यता शून्यावर उतरत नाही, गुरू त्याला सतत मळत राहतो आणि त्याचा अंतर्भाग तापतो. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर १ ने तिथले ज्वालामुखी दाखवले. भरती-ओहोटीच्या उष्णतेचे भाकीत त्याच्या थोडेच आधी छापून आले होते.

विकला

शनीला हेच करता येईल का? त्याचा चंद्र टायटन या कॅमेऱ्यात येतो?

तिपाई

येतो. प्रत सुमारे साडेआठ, त्यामुळे आयएसओ ३२०० आणि अर्धा सेकंद लागेल. शनीची क्रांती ० अंशांच्या जवळ असेल तेव्हा अर्ध्या सेकंदात तो साडेसात विकला, जवळपास तीन पिक्सेल ओढला जातो. फोटो वीस काढून एकावर एक रचा. टायटन शनीपासून १२.२ लाख किमीवर आहे, प्रतियुतीला तीन कलांहून थोडा जास्त दूर दिसतो, इथे ७० पिक्सेलच्या आसपास. फेरी १५.९५ दिवसांची, म्हणजे आयोचा सापळा नाही. पण शनीच्या कक्षांची पातळी गुरूसारखी कडेवर राहत नाही, २७ अंशांपर्यंत कलते. फक्त पूर्व-पश्चिम अंतर नको, उत्तर-दक्षिणही मोजा आणि दोन वक्र बसवा. कड्यांची दिशा फोटोत ओळखू आली नाही तरी सरकण्याच्या रेषेवरून दिशा मिळतेच.

आणि आजूबाजूचा साडेआठ प्रतीचा तारा टायटन म्हणून मोजला जाऊ नये यासाठी दोन रात्रींचे फोटो ताऱ्यांवर तारे जुळवून बघा. तारा जागेवर राहतो, टायटन शनीबरोबर जातो.